मोजक्या प्रतींचा माणूस

हा माणूस गावात एकच असतो. दुसरा निघाला तर पहिल्याला गाव सोडावंसं वाटेल. डहाणूत तो इराणी रोडच्या बाजूला राहतो. वाडवडिलांची चिकूची वाडी आहे, त्यामुळे पोटाची चिंता नाही. छंद एकच: कुणी न ऐकलेल्या इलेक्ट्रो संगीताच्या रेकॉर्ड घेणं. आवाज कसा आहे हे नंतर. आधी प्रती किती काढल्या ते सांगा. तीनशे म्हटलं की डोळे चमकतात. हजार म्हटलं की, "बाजारू."

परदेशातून चौकोनी, चपटं पार्सल येतं. पोस्टमन खालूनच ओरडतो, "शेठ, पापड आले!" प्रत्येक रेकॉर्ड दोनदा मागवलेली असते, एक वाजवायला आणि एक न फोडायला. प्रेम अर्थातच दुसरीवर. सगळा संसार चिकूच्या कॅरेटमध्ये रचलेला, खाऱ्या हवेने कव्हरला बुरशी धरू नये म्हणून प्लास्टिकात गुंडाळलेला. चोरबाजारातून काही मिळालं तर विरारपर्यंत लोकलमध्ये ते छातीशी धरून उभा राहील, पण रॅकवर ठेवणार नाही.

त्याच्या देव्हाऱ्यातली मुख्य मूर्ती म्हणजे चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या या मुंबईकराने १९८२ साली रोलँडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, एकमेकांना जोडली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्युचर'ने त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि ॲसिड हाऊस जगभर गेलं. एका डच कंपनीने २०१० मध्ये सिंगांची रेकॉर्ड पुन्हा छापली, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की हे आपल्याकडे पाच वर्षं आधीच झालं होतं. आमच्या माणसाला या पुनर्मुद्रणाचा अजून राग आहे. कारण आता ती सगळ्यांना माहीत झाली.

पाहुणा आला की त्याची परीक्षा ठरलेली. "मैफल कशाने संपते?" पाहुणा बिचारा म्हणतो, भैरवीने. "आणि ही रेकॉर्ड भैरवीने सुरू होते!" मग चहा मिळतो.

एकदा प्लेअरचा पट्टा तुटला. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, रबराला काय तोटा? कुणा कामगाराकडून पट्टी आणून बसवली. ती तापली की सैल पडे आणि ललत हळूहळू खाली घसरत मंद्रात जाऊन बसे. समोरच्यांच्या कपाळावर आठी दिसताच हा म्हणे, "ॲनालॉग आहे. कानाला सवय लागते."

तलासरीहून एक पोरगा ॲम्प्लिफायर दुरुस्त करायला आला होता. लग्नसराईत डीजे लावतो, तारपाच्या चाली कीबोर्डवर बसवतो. भैरवी वाजत होती. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, पायाने ठेका धरला.

"शेठ, पेनड्राईव्हमध्ये द्या ना. हळदीला वाजवतो."

शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हळदीला म्हणजे हजारभर माणसं! "हे असं वाजवायचं नसतं रे," एवढंच तो बोलला.

पोराने मोबाइल काढला, दोनदा बोट फिरवलं, आणि तीच भैरवी फोनमधून वाजू लागली. पट्टी घसरल्याशिवाय, स्वच्छ. "आहे की इथं!"

"ते ऐकू नकोस," शेठ कळवळून म्हणाला, "ते सगळे ऐकतात."

पुढच्या आठवड्यात तलासरीच्या एका पाड्यावर हळद होती. तारपा थांबला आणि स्पीकरवर भैरवी सुरू झाली. कुणी विचारलं नाही की राग कुठला, साल कुठलं. म्हाताऱ्या बायकाही हातात हात गुंफून गोल फिरू लागल्या. शेठ आला होता, पण मांडवाच्या खांबाला टेकून उभा. शेवटी न राहवून त्याने नवऱ्याच्या काकाच्या कानाशी लागून सांगितलं, "याची पहिली छपाई माझ्याकडे आहे."

काकाने मान डोलावली आणि म्हणाला, "बरं. जेवून जा हां, शेठ."