आधी गोठा, मग गॅस

वांद्र्यापासून वसईपर्यंत कुठल्याही ख्रिस्ती वस्तीत अशी एक आंटी सापडतेच, जिला डिसेंबरात घर बदलावं लागलं तरी नाताळात काडीचाही बदल खपत नाही. बाकीचे आजारी पडतात, वैतागतात, रजा टाकतात. आंटी फक्त कंबरेला पदर खोचते, आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो.

आमच्या आंटीची वांद्र्याची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. 31 डिसेंबरच्या आत घर रिकामं हवं, असं बिल्डरचं पत्र आलं. भाड्याची जागा मिळाली मालाडला, ऑर्लेममध्ये, आणि ताबा मिळाला ऐन नाताळच्या आठवड्यात. अंकल चाचरत म्हणाले, "यंदा जरा साधेपणानं केलं तर?"

"योसेफ-मरियेचंपण तेव्हा शिफ्टिंगच चाललं होतं," आंटी म्हणाली. "राहायला जागा नाही, बायकोचे दिवस भरलेले, आणि वाहन काय तर गाढव. तुम्हाला तर टेम्पो मिळतोय."

अंकल मुकाट्यानं टेप आणायला गेले.

सामान बांधायची आंटीची स्वतःची पद्धत होती. नाताळचं सगळं शेवटी भरायचं आणि पहिल्यांदा उघडायचं. बाकीचा संसार त्याच्या नशिबावर. त्यामुळे पहिल्या रात्री नव्या घरात एकाचाही टूथब्रश सापडेना, पण मार्झिपॅनचे रबरी साचे, मिल्क क्रीम घोटायचा लाकडी उलथना आणि थाळी स्वीटची गोल ताटं ओट्यावर ओळीनं हजर. भाड्याचा करारनामा कुठे आहे, असं एजंटानं विचारलं तेव्हा तिनं त्याच्या हातावर करंजी ठेवली. करारनाम्याची आठवण त्याला दुसऱ्या दिवशी आली.

बाटली मसाल्याचं प्रकरण तर सांगायलाच हवं. आंटीसारख्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत हा मसाला उन्हाळ्यात होतो. मिरच्या उन्हात कडक वाळवायच्या, वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, कुटायचे, आणि गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही. या बाटल्या बिअरच्या असतात. पॅकर्सच्या पोरांनी ते खोकं उचललं, आत डोकावून पाहिलं आणि एकमेकांना कोपरानं ढोसलं. त्या दिवशी कपाटाचा आरसा तडकला, मिक्सरचं भांडं चेपलं. पण ते एक खोकं दोघांनी मिळून, पायऱ्या मोजत, तान्ह्या बाळासारखं खाली नेलं. आत मसाला आहे हा खुलासा आंटीनं ऑर्लेमला पोचल्यावर केला. मला विचाराल तर हीच तिची खरी बुद्धिमत्ता.

केकसाठी रममध्ये मुरत घातलेल्या मनुका-बेदाण्यांची बरणी मात्र टेम्पोवर सोडली नव्हती. ती टॅक्सीत अंकलच्या मांडीवर. आणि पायाशी पत्र्याच्या ट्रेमध्ये नाचणीचं शेत. गोठ्याभोवती हिरवळ हवी म्हणून ती आधीच पेरलेली होती, चांगली चार बोटं वाढली होती. हायवेवर ब्रेक लागला की मागून आवाज येई, "शेत बघा, शेत!"

गॅसची जोडणी व्हायची होती, पलंग उभाच होता, तरी गोठा आधी लागला. संत फ्रान्सिसनं 1223 साली ग्रेच्चोच्या गुहेत गोठा मांडला तेव्हा त्याला जागेची अडचण नव्हती. इथे हॉलमध्ये खोकी छतापर्यंत. आंटीनं खोकी हलवलीच नाहीत. त्यांच्यावर तपकिरी कागद चुरगाळून टाकला, झाले बेथलेहेमचे डोंगर. बबल रॅपची नदी. मेंढरं "किचन – काच" वर चरायला, मेंढपाळ "जुनी पुस्तकं" वर. येशू बाळाची जागा रिकामी, ते 24च्या रात्री येणार. संध्याकाळी अंकलनी रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या, तेव्हा कळलं की त्या उजवीकडच्या डोंगराच्या बुडाशी आहेत.

"तीन राजे आल्याशिवाय गोठा मोडायचा नाही," आंटी म्हणाली. म्हणजे 6 जानेवारी. अंकलनी केमिस्टकडून नवीन पाकीट आणलं.

फुग्यांचं पीठ रात्रभर फुगतं, त्याला टेम्पोची घाई कळत नाही. ते तिनं आदल्या रात्रीच भिजवलं होतं. आता तळायचे कुठे? समोरच्या फ्लॅटमध्ये. तिथल्या जोशीण की देशपांडीण, नीट नावही ठाऊक नव्हतं, पण दुपारी दार वाजवलं आणि संध्याकाळी दोघी एकाच कढईपाशी. नारळाच्या दुधातले ते गोल गोळे तेलात आपोआप उलटतात हे पाहून त्या बाई हरखल्या. त्यांच्या सुनेला कितवा महिना आहे हे आंटीला समजलं तेव्हा त्यांच्या मुलालाही धड माहीत नसावं.

सेक्रेटरी वर आले ते नियम घेऊनच. ग्रिलबाहेर काही टांगायचं नाही, आणि पाचनंतर लिफ्टमधून सामान नाही. आंटीनं कागदी तारा टांगता टांगताच त्यांना बसवलं. बसायला मेंढपाळांचं खोकं दिलं. थाळी स्वीटचा दुसरा तुकडा संपल्यावर त्यांनी ताऱ्याची वायर नीट आतून घ्यायला सांगितलं, आणि त्यासाठी स्टूलही धरलं.

मी नंतर बिल्डरचं पत्र वाचलं. नव्या घराचा ताबा 36 महिन्यांनी. आंटीला म्हटलं, "म्हणजे परत शिफ्टिंग डिसेंबरातच!"

"माहितेय," ती म्हणाली. "टेम्पोवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय. त्या दोन पोरांचापण."