नाकातलं सोनं

स्वच्छतेच्या बाबतीत माझं नाक पहिल्यापासून वर. लोकलची कडी मी रुमालाने धरतो (तोच रुमाल पुढे चेहऱ्यालाही लागतो, पण ते सोडा), दुसऱ्याच्या टॉवेलकडे ढुंकून बघत नाही. त्यामुळे भाचीच्या साखरपुड्याच्या तोंडावर माझ्याच नाकपुडीत केसतूड व्हावं, हा मला उघड उघड कट वाटला.

निमित्त एका पांढऱ्या केसाचं. तो डाव्या नाकपुडीतून डोकावत होता आणि मामाला तर प्रत्येक फोटोत पुढे उभं राहायचं. बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला, डोळे मिटले, ओढला. केस आला, सोबत दोन निरपराधही आले.

रात्री नाक ठणकायला लागलं. सकाळी शेंडा लाल, चकचकीत, हात लावू देईना. म्हणून मी तो दोन अंगठ्यांत धरून पिळला. संध्याकाळपर्यंत नाकाचं भरलं वांगं झालं. आत्या म्हणाली, "कणकेचं पोटीस बांध." नाकावर पोटीस बांधल्यावर श्वास कुठून घ्यायचा, हे तिने सांगितलं नाही. शेजारच्या काकांनी उष्णतेचं निदान करून सब्जा प्यायला लावला. नाकाला त्याचा पत्ताही लागला नाही.

डॉक्टरांनी टॉर्च मारला. "केस उपटलात?"

"एकच."

"पिळलंत?"

मी विषय बदलून न्हाव्यापासून लोकलपर्यंत संशयितांची नावं सांगू लागलो.

"बाहेरचं कुणी नाही हो. तुमच्याच नाकातला आहे."

दहांतल्या साधारण तिघांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू काही त्रास न देता राहतो म्हणे. कातडी शाबूत असेपर्यंत तो आपला गप्प असतो. केस उपटला की मुळाशी जखम होते, तिथून तो आत शिरतो आणि विषं सोडून पेशी मारायला लागतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. दोन्हीकडचे मेलेले साठतात, तो पू. पिळलं तर तो आतल्या आत पसरतो. नाकाभोवतीच्या शिरा थेट कवटीतल्या शिरांना जोडलेल्या, त्यामुळे हा उद्योग क्वचित जिवावरही बेततो. हे ऐकल्यावर माझे अंगठे आपोआप खिशात गेले. गोळ्या, मलम आणि कोमट पाण्याचा शेक घेऊन घरी आलो.

आपल्या नाकात बिनभाड्याने कोण राहतं, याची मग चौकशी केली. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन या सर्जनने १८८० च्या सुमारास गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला हे गोल जंतू द्राक्षांच्या घडासारखे दिसले. पुढे १८८४ मध्ये जर्मनीच्या रोझेनबाखने ते वाढवले, तर थर सोनेरी आला, म्हणून ऑरियस. घराण्याचा इतिहास सांगावा तशा थाटात मी हे बायकोला ऐकवलं.

"नाकात सोनंच घालायचं होतं तर चमकी टोचून घ्यायची," ती म्हणाली आणि चिमटा उकळत्या पाण्यात टाकला.

साखरपुड्याच्या पंगतीत मुलाकडच्या एका काकांनी आपुलकीने विचारलं, "नाकाला काय झालं हो?" मी पांढऱ्या पेशींपासून सुरुवात केली. पुवापर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांनी बासुंदीची वाटी हळूच माझ्याकडे सरकवली. मी ती संपवली. गोळी भरल्या पोटी घ्यायची होती.