शेडकाका

शेडकाकांसमोर ‘पांढरा’ हा शब्द नुसता उच्चारू नये. ‘कुठला पांढरा?’ असा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर ऐकून होईपर्यंत तुमची सीएसएमटी फास्ट अंबरनाथ सोडून पुढे गेलेली असते.

मूळ नाव सोसायटीच्या बोर्डावर आहे, पण ते आता मेंटेनन्सच्या पावतीपुरतंच उरलंय. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये त्यांची हयात गेली. तिथे ‘रिजेक्ट’ म्हणायचा पगार मिळत असे. निवृत्तीनंतर ते हेच काम बिनपगारी करतात.

काकांची बेडरूम बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. नऊ बाय दहा. एकच खिडकी. बुकिंगच्या वेळी त्या खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसायचा, आणि बिल्डरने तो जवळजवळ फ्लॅटच्या किमतीत धरला होता. पुढे शेजारी इमारत उठली. आता खिडकीतून शेजारची भिंत दिसते, आणि ती इतकी जवळ की तिकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून काकू आपल्या घरातला गॅस बंद करतात. खोलीत ऊन येतं ते दुपारी, पाहुण्यासारखं, बूटही न काढता परत जातं.

तर या खोलीला द्यायचा होता न्यूट्रल रंग. भडक नको, गडद नको, ‘डोळ्याला लागता कामा नये’. हे ऐकून पेंटरला वाटलं, सोपं काम आहे. गोरखपूरचा बिचारा, तोवर बदलापुरात त्याने शेकडो भिंती ओढल्या होत्या. ‘काका, ऑफव्हाइट मार देते हैं, दो दिन में खतम.’ काकांनी त्याला खाली बसवलं, चहा दिला, आणि ऑफव्हाइट म्हणजे नेमकं काय हे समजावलं. तो दिवस बुडाला. मजुरी काकांनी दिली, हे मात्र सांगायला हवं. काका चिकित्सक आहेत, चिकट नाहीत.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच असतं, आणि ऐकणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. प्रत्येक न्यूट्रलच्या पोटात एक चोर रंग बसलेला असतो, असं ते सांगतात. बदामीच्या पोटात गुलाबी, राखाडीच्या पोटात निळा, मोतियाच्या पोटात पिवळा. शेडकार्डावर तो गप्प असतो, चार भिंतींवर चढला की बोलायला लागतो. त्याला पकडायचा तर शेडची पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघायची. ही युक्ती मी घरी करून पाहिली, खरी आहे. पट्टीवर त्या रंगाचा परावर्तनाचा आकडाही असतो. शून्य म्हणजे काळाकुट्ट, शंभर म्हणजे पडलेला सगळा उजेड परत फेकणारा. काका सत्तरच्या खालच्या पट्टीला हात लावत नाहीत. पण ऐंशीच्या वरचा पांढराशुभ्रही त्यांना चालत नाही. उजेडच नसेल तर पांढरा परत काय फेकणार? अंधाऱ्या खोलीत तो राखेसारखा मळकट दिसतो. हेही खरंच आहे. म्हणजे उरले सत्तर ते ऐंशी. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात काका वर्षभर फिरताहेत.

दुकानदारांनी त्यांचा धसका घेतलाय. उल्हासनगरच्या एका दुकानात तर काका पायरी चढताना दिसले की मालक ‘साई, आज मशीन बंद है’ म्हणतो. त्याचंही बरोबर आहे. पांढऱ्या बेसमध्ये मशीनने रंगाचे थेंब सोडले की तो डबा कुणी परत घेत नाही. काका मात्र सॅम्पलचा छोटा डबा उघडून, काडीने ढवळून, रस्त्यावर उन्हात धरतात, मग दुकानाच्या ट्यूबखाली धरतात, आणि दोन्ही ठिकाणी दोन रंग दिसले की मालकाकडे बघतात. जणू त्यानेच सूर्य बसवलाय.

अंबरनाथचं शिवमंदिरही काकांनी सोडलं नाही. लोक तिथे दर्शनाला जातात, कोरीवकाम बघतात. शके 982 म्हणजे इसवी सन 1060चं शिलाहारांचं बांधकाम, माणूस गप्प होतो. काका तासभर बाहेरच्या दगडाला शेडकार्ड लावून उभे होते. ‘साडेनऊशे वर्षं झाली, एक कोट नाही, आणि कुठल्याही उजेडात वाईट दिसत नाही. याला म्हणतात न्यूट्रल.’ शेजारून वालधुनी वाहते. कारखान्यांच्या आणि जीन्स धुण्याच्या कृपेने तिने आजवर इतके रंग दाखवलेत की कुठल्याही कंपनीने तिच्यावरून कार्ड छापावं. काकांनी त्या दिशेला पाठ केली होती.

त्यांचा सगळ्यात आवडता दाखला 2002 सालचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांवर दीर्घिकांच्या प्रकाशाची सरासरी काढून विश्वाचा रंग फिकट हिरवट-निळा असल्याचं जाहीर केलं. मग गणिताच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली आणि सुधारून सांगितलं, नाही, फिकट बदामी. ‘बघा,’ काका म्हणतात, ‘अख्ख्या विश्वाची शेड बदलावी लागली. आणि तुम्ही मला घाई करता.’

यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असतं. ‘अहो, विश्वाला दिवाळीच्या आत पाहुणे येत नाहीत.’

रंगाचा मुहूर्त असा टळत गेला. पावसाळ्यात बदलापूरच्या भिंती घाम गाळतात, त्यामुळे गणपतीआधी शक्यच नव्हतं. दसऱ्यानंतर पेंटर मिळेना. दिवाळीनंतर पेंटर मिळाला, पण तोवर पलीकडच्या सोसायटीने बाहेरून रंगकाम काढलं.

त्यांनी निवडला टेराकोटा.

काकांच्या खोलीतला सगळा उजेड त्या भिंतीवर आपटूनच आत येतो, हे इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. परांचीवरचा माणूस दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरला आणि काकांच्या भिंतीवरचे झाडून सगळे नमुने एका दुपारी लाजले. बदामी गुलाबी झाला, राखाडी जांभळट झाला, मोतिया थेट जिलेबीकडे गेला. काका तडक पलीकडच्या सोसायटीच्या सभेत.

‘काका, तुम्ही आमचे मेंबर नाही,’ चेअरमन म्हणाले.

‘भिंत तुमची असेल. उजेड माझा आहे.’

सभा थक्क झाली. एका आजोबांनी तर टाळीही वाजवली. मग खजिनदाराने वही उघडली आणि फार नम्रपणे विचारलं, ‘मग त्या बाजूच्या रंगाची वर्गणी तुमच्या नावावर टाकू का?’ काका चहा न घेता परत आले. चहा न घेता परत येण्याची त्यांच्या आयुष्यातली ही एकच वेळ असावी.

शेवटी गेल्या महिन्यात काकू बहिणीकडे गेल्या असताना पेंटर आला. निदान पोपडे काढू, पुट्टी भरू, पॉलिश पेपर मारून ठेवू, रंगाचं नंतर बघू, अशा बोलीवर. भिंत घासायची तर कपाट हलवायला हवं. हे कपाट उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून लग्नानंतर आणलेलं, सहा फुटी, गडद चॉकलेटी, आणि उभं केलेलं असं की खिडकीची एक झडप त्याच्यामागे. पेंटर आणि त्याच्या पोऱ्याने ते ओढून हॉलमध्ये नेलं.

खोलीत लख्ख उजेड पडला.

पेंटर हात झटकत म्हणाला, ‘काका, अब कोई भी रंग मारो.’

काका बराच वेळ मधोमध उभे राहिले. चारी भिंतींकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून भिंतीवरच्या एकेका नमुन्यावर फुली मारत गेले. उजेडच बदलला, तेव्हा आधीच्या सगळ्या चाचण्या रद्द. रिजेक्ट.

कपाट अजून हॉलमध्येच आहे, आणि काकू त्याला वळसा घालून चहा आणतात. कात्रपच्या आसपास कुणाला लहानसहान भिंत रंगवायची असेल तर जरूर भेटा. सॅम्पलचे अर्धे भरलेले डबे काका फुकट देतात. फक्त वेळ काढून जा, आणि नुसता पांढरा मागू नका.