पर्जन्यवृक्षराव, फुटपाथ रिकामा करा!

प्रति,
मा. पर्जन्यवृक्ष,
फुटपाथवरील जुने रहिवासी,
गोरेगाव (पश्चिम), मुंबई.

विषय : फुटपाथ उखडल्याबद्दल आपणावर कारवाई करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्याविरुद्ध तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. तुम्ही महापालिकेचा फुटपाथ खालून ढकलून वर उचलला आहे. कर्ब स्टोन रस्त्याकडे कलला आहे, पेव्हर ब्लॉक म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलताहेत आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी येणाऱ्या माणसाला बरोबर तुमच्या बुंध्यापाशी ठेच लागते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर सविस्तर चर्चा झाली. ‘झाडं आपल्याला आवडतातच, पण’ अशी पहिल्या सदस्यानं सुरुवात केली, तेव्हाच पुढचं सगळ्यांना कळलं. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, ज्यांची गाडी तुमच्या सावलीत उभी असते त्यांचं.

कारवाईपूर्वी तुमची पार्श्वभूमी तपासली. तुम्ही मूळचे इथले नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिका हे तुमचं माहेर. एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या काळात तुमचं घराणं इकडे आलं आणि सावलीसाठी रस्त्याकडेला लागलं. मुंबईत बाहेरून आलेल्याला ‘कधी आलात?’ असं विचारायची पद्धत आहे. पण तो प्रश्न विचारला तर तुम्ही आमच्या बहुतेक सभासदांच्या आधी आलेले निघता, म्हणून तो मुद्दा तक्रारीतून वगळला आहे. संध्याकाळ झाली की तुम्ही पानं मिटता, आभाळ भरून आलं तरी मिटता. इतका नियमित दिनक्रम आमच्यापैकी कुणाचा नाही, हेही आम्हाला खटकतंच.

दुसरा आरोप अतिक्रमणाचा. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो आणि तुम्ही त्याच्या मधोमध उभे आहात. तुमचे शेजारी बघा, किती समंजस! मिठाईच्या दुकानाची पायरी दोन फूट पुढे आली आहे, पण नम्रपणे आली आहे. विजेचा फीडर पिलर दार उघडं टाकून उभा आहे. सात-आठ मोटारसायकली आडव्या लागल्या आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक तर कुणीतरी तुमच्याच अंगात खिळे ठोकून लावला आहे, म्हणजे वेगळी जागासुद्धा अडवलेली नाही. यांच्यापैकी कुणीही फुटपाथ उचललेला नाही, नुसता व्यापला आहे. व्यापलेल्या फुटपाथवर माणसाला ठेच लागत नाही. तो खाली रस्त्यावर उतरतो आणि तिथे त्याला लागली तर बस लागते.

पंतप्रधान किंवा बडी असामी येणार म्हटलं की रस्ते आणि फुटपाथ लगेच मोकळे होतात, मग रोजच्या माणसासाठी का होत नाहीत, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये विचारला होता. आम्हाला उत्तर सापडलं आहे. फेरीवाला उठवला तर दुसऱ्या दिवशी परत येतो, दुकानदार हरकत घेतो, मोटारसायकलवाला आवाज चढवतो. तुम्ही यातलं काहीच करणार नाही. एकदा कापलात की कापलात. कारवाईची आकडेवारी दाखवायला तुमच्याइतका सोयीचा अतिक्रमणकर्ता दुसरा नाही.

एक अडचण मात्र आहे. 2018 मध्ये जाहीर झालेल्या वृक्षगणनेत मुंबईतली 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. त्यात तुमचीही नोंद असणार. म्हणजे फुटपाथवरच्या या सगळ्या मेळाव्यात कागदोपत्री अधिकृत असे तुम्ही एकटेच निघण्याचा धोका आहे.

आता तुमचा बचाव. तुमचं म्हणणं असं की, मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यामुळे अन्नपाणी शोधणारी बरीचशी मुळं वरच्या फूट-दोन फूट मातीतच पसरतात. आम्ही ती माती रोलर फिरवून दाबून घट्ट केली आणि वर फरशी घातली. खाली श्वास घ्यायला जागा उरली ती फरशीखालच्या वाळूच्या पातळ थरात. तिथे थोडी ओल टिकते, थोडी हवा असते. मुळं तिकडे गेली, वर्षागणिक जाड झाली आणि फरशी वर आली. शिवाय पाणी, गॅस, वीज, इंटरनेट अशा प्रत्येकानं आपापला स्वतंत्र चर खणला, आडवी आलेली मुळं कापली, चर राडारोडा घालून बुजवला आणि निघून गेला. मुळं एका बाजूनं तुटली की झाडाचा आधारही त्या बाजूनं जातो. नंतर पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी येऊन रस्त्याकडच्याच फांद्या छाटतो आणि सगळा भार उरतो सोसायटीच्या बाजूला. जून-जुलैत झाड पडलं की बातमी येते : झाड कोसळलं. चर खणणाऱ्याचं नाव त्या बातमीत नसतं.

बचाव ऐकायला बरा आहे. पण तुम्ही मतदार नाही.

मतदारांचं वेगळं असतं. मृणाल गोरे 1961 मध्ये याच गोरेगावातून महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. माणसांच्या घरी नळ आले. तुम्हाला मात्र आभाळातून फुकट मिळत होतं, तेच नंतर सिमेंट ओतून बंद झालं. बुंध्याला अगदी खेटून काँक्रीट, आळं म्हणावं तर तळहाताएवढीही माती उघडी नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात सांगितलं होतं की, झाडाभोवतीचं किमान एक मीटर काँक्रीट काढा. मुंबई महापालिकेनंही झाडांमधले खिळे आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट काढायला ‘वृक्ष संजीवनी’ नावाची मोहीम काढली. चांगलं काम होतं ते, खोटं कशाला बोला. पण जानेवारी 2023 मध्ये याच शहरात सुमारे 400 किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याच्या कामाचं भूमिपूजन झालं, खर्च सहा हजार कोटींच्या वर. एका हाताला संजीवनी, दुसऱ्या हाताला मिक्सर. कुठला हात जड, ते तुम्हीच बुंध्याकडे बघून ठरवा.

तुम्हाला परदेशाचा दाखला लागेल, तर इंग्लंडातल्या शेफील्डचा घ्या. तिथल्या महापालिकेनं 2012 मध्ये रस्ते-फुटपाथ सुधारण्याचं पंचवीस वर्षांचं कंत्राट एका खासगी कंपनीला दिलं. रस्त्यांवर झाडं 36 हजारांच्या आसपास, आणि करारात ‘बदलायच्या’ झाडांचा आकडा 17,500. जवळपास निम्मी! अनेकांवर आरोप तुमच्यावरचाच, फुटपाथ उचलल्याचा. नोव्हेंबर 2016 मध्ये रस्टलिंग्ज रोडवर पहाटे पाचला पोलीस आणि करवतवाले आले, लोकांना झोपेतून उठवून गाड्या हलवायला लावल्या, आणि आडव्या आलेल्या सत्तरीतल्या दोन बायकांना अटक झाली. 2018 मध्ये तोड थांबेपर्यंत पाच हजारांहून अधिक झाडं गेली होती. मग महापालिका आणि आंदोलक एकत्र बसले, एकेक झाड जाऊन पाहिलं, तेव्हा कळलं की तोडीला लावलेल्या पुष्कळ झाडांपाशी फुटपाथच थोडा हलवून, थोडा चढवून काम भागतं. झाड राहतं, ठेच जाते. असे उपाय करारात आधीपासून लिहिलेले होते; फारसे कुणी वापरले नव्हते एवढंच. सर मार्क लोकॉक यांचा चौकशी अहवाल 2023 मध्ये आला. महापालिकेनं लोकांची आणि न्यायालयांचीही दिशाभूल केली, असा ठपका त्यात आला आणि महापालिकेला जाहीर माफी मागावी लागली.

आपण शेफील्डपेक्षा कार्यक्षम आहोत, हे मात्र अभिमानानं नमूद केलं पाहिजे. पहाटे पाचपर्यंत थांबायची आपल्याला गरज पडत नाही. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयानं आरेतली झाडं वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तिथे करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं, तोवर मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. ते तुमचे पूर्वेकडचे भाऊबंद; तुम्ही पश्चिमेला आहात म्हणून निर्धास्त राहू नका. तिथे निदान मेट्रोचं कारण होतं. तुमच्या बाबतीत कारण आहे चार पेव्हर ब्लॉक.

एका मुद्द्यावर मात्र थट्टा करवत नाही. चेंबूरला जुलै 2017 मध्ये नारळाचं झाड अंगावर पडून एका महिलेचा जीव गेला. ते झाड काढावं असा अर्ज आधी झालेला होता आणि झाड ठणठणीत असल्याचा निर्वाळा मिळाला होता. तौक्ते वादळानं मे 2021 मध्ये मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडं पाडली. पोखरलेलं, बुरशीनं खाल्लेलं, एका बाजूनं मुळं तुटलेलं झाड शाळेच्या वाटेवर ठेवायचं नसतं. आणि ठेच लागून खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना पर्यावरण समजावून सांगणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. पण झाड आतून पोकळ आहे का, हे पाहायला जाणकार माणूस आणि उपकरण लागतं. फुटपाथ उचलला आहे, हे पाहायला नुसती ठेच पुरते. आम्ही दुसऱ्या पुराव्यावर पहिल्या गुन्ह्याची शिक्षा मागतो आहोत.

शिक्षेचा हिशोबही विचित्र आहे. झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा 1975 चा. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार पन्नास वर्षांचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावावी लागतात. तुमचं वय साठ धरलं, तर तुमच्या जागी साठ रोपं. ज्या फुटपाथवर एक झाड मावत नाही, तिथे साठ कुठे लावणार? तर कुठेतरी लांब, जिथे गोरेगावकराला सावली पडणार नाही आणि ठेचही लागणार नाही. फाइलमध्ये मात्र एकोणसाठ झाडांचा नफा दिसेल.

तेव्हा सोसायटीचा ठराव जसाच्या तसा पुढे पाठवणं मला जमलेलं नाही. त्यात मी परस्पर काही दुरुस्त्या केल्या आहेत. आळं सव्वा-दीड मीटरचं करून माती उघडी ठेवावी. बुंध्यापाशी फरशीऐवजी पाणी झिरपेल अशी खडीची सैल भर घालावी. उचललेला भाग काढून मुळांच्या वरून हलक्या चढानं, व्हीलचेअर जाईल इतका सपाट फुटपाथ न्यावा. जागा अपुरी पडली तर कर्ब रस्त्याकडे वळवावा, एका गाडीची पार्किंगची जागा गेली तर जाऊ द्यावी. चर खणणाऱ्यानं बुंध्याजवळ हातानं खणावं आणि मूळ दिसलं तर वळसा घ्यावा. झाड तपासून खरंच धोक्याचं निघालं तर तपासणीचा अहवाल लोकांपुढे ठेवून काढावं. आणि मिठाईवाल्याच्या पायरीपासून सुरुवात करावी.

आपला,
ठेच लागलेला एक करदाता

ता. क. : हे पत्र झाडाला वाचता येणार नाही, म्हणून शेजाऱ्यांसाठी चार शब्द. झाड तोडायचं असेल तर कायद्यानुसार त्याच्या बुंध्यावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि तुम्हाला हरकत घेता येते. वाढदिवसाच्या फलकाशेजारी असा एखादा कागद डकवलेला दिसला तर थांबून वाचा, तारीख बघा आणि मुदतीत वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला अंगठा हरकत म्हणून धरला जात नाही.