शेवंतीची नोंद

अकलूजमध्ये चार बागवेडे जमून मंडळ निघालं, की चिटणीसपद आपसूक ज्याच्याकडे जातं तो गृहस्थ बहुधा साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेला असतो. हयातभर फटफटीवरून शिवार पालथं घालत त्याने उसाच्या लागणी नोंदवलेल्या. त्याला कुंडी दिसतच नाही, गट नंबर दिसतो. सगळे त्याला 'ओव्हरसियर साहेब' म्हणतात, आणि तेवढ्यावर तो मंडळाची वर्गणी दोनदा भरतो.

योजना साधी होती. यंदा सगळ्यांनी एकच झाड लावायचं, शेवंतीचं. साहेब जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून येताना पिवळ्या शेवंतीची कुंडी एसटीत मांडीवर घेऊन आलेले. बहर सरल्यावर बुडातून फुटलेल्या काश्या सोडवून प्रत्येकाला तीन-तीन द्यायच्या. पुढल्या साली त्याने दोन परत करायच्या. दुसऱ्या गावात एवढ्यावर भागलं असतं. इथे नोंदवही निघाली. सभासद, गच्ची की अंगण, पाण्याची सोय, लागणीची तारीख. शेवटचा रकाना : 'खोडवा ठेवणार काय?'

लागणीच्या तारखेवर एक अख्खी बैठक गेली. "जुलै-ऑगस्टात, आडसाली," असं साहेब सवयीने बोलून बसले. दिवाळीला फुलं हवीत तर काश्या पालखीच्या आधी मातीत गेल्या पाहिजेत, असं एका निवृत्त बाईंनी सुनावलं. पालखी तुकोबांची. ती सराटीहून नीरा ओलांडून अकलूजात येते, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं, आणि त्या दिवसांत गावात काश्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. बाईंचं चाललं.

मग सुरू झाली तपासणी. चारेक आठवड्यांनी शेंडे खुडले की फुटवा वाढतो, हे फोनवर सांगता येतं. साहेब सकाळी साडेसातला दारात. कुंडीत नुसती काळी माती दिसली की, "पाणी धरतंय ओ, मुळी कुजंल. वाळू घाला, प्रेसमड घाला." बुडाला पाचटही पसरायला लावतात, तेही चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत. पाचट जाळू नका म्हणून नोकरीभर शेतकऱ्यांपुढे घसा कोरडा केलेला. आता कुठे ऐकणारे सापडले, तर ते पाचट लिफ्टमधून नेणारे.

त्यांचं खरं दुखणं वाणाचं. लांबून उसाचं पान बघून को ८६०३२ कुठला आणि फुले २६५ कुठला हे सांगणाऱ्या माणसाला वहीत वाणाच्या रकान्यात 'पिवळी' एवढंच लिहावं लागतं. ते लिहिताना त्यांचं पेन हटकून अडतं.

दिवाळीत फुलं आली. साहेबांनी फर्मान काढलं : सगळ्यांची फुलं एकदम मंडळापुढे मांडायची, तोवर चिठ्ठीशिवाय तोड नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांच्याच गच्चीवरची कुंडी रिकामी आढळली. त्यांनी लाल शाईने नोंद केली : 'नोंदीचा माल गुऱ्हाळाला गेला.'

साहेबांच्या घरच्या काकूंनी देवघरातून येऊन ते वाचलं. "अवो, ऊस घातल्यापास्नं चौदा दिसांत पैसं द्यायचा कायदा हाय नव्हं? जूनपास्नं पाणी मी घालतीया. आधी माझं बिल काढा."