बबल्याचा पासपोर्ट जमा करा

बर्मिंगहॅम

ती. आई-बाबांस,


पार्सल पोचलं. जवसाच्या चटणीचं पाकीट वाटेत फुटलं, त्यामुळं तुमच्या नातवाच्या नव्या स्वेटरला धुतल्यावरही आपल्या दिग्रसचा वास येतो. हे म्हणतात, आता धुऊ नको, राहू दे. कुकर लावलाय, तोवर लिहून घेते.

आई, फोनवर तू एका दमात दोन गोष्टी सांगितल्यास. एक, 'नातवाला फुटबॉलला नेऊ नका, तिकडं मारामाऱ्या होतात.' दुसरी, 'काकांच्या बबल्यानं गावच्या रात्रीच्या सामन्यात अंपायरवर खुर्ची फेकली.' आता तूच सांग, धोका कुठं जास्त?

शनिवारीच नेलं त्याला. दारात पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात, कारण झाकण लावलेली भरली बाटली लांबवर फेकता येते. मग दोन गुडघ्यांत बाटली धरून सामना बघा! गोल झाला तेव्हा हे उठले, पुढच्या बाईचा कोट भिजला आणि सॉरी तीच म्हणाली. बिअरचं तर विचारूच नका. 1985 च्या कायद्यानं फुटबॉलचं मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही. मध्यंतरात सगळे जिन्याखाली जाऊन घटाघटा पितात आणि तोंड पुसत वर येतात. क्रिकेटला मात्र खुर्चीत बसून खुशाल प्या; तिथले प्रेक्षक सज्जन, असा सरकारचा समज. एक 'पाय' (इकडची भरलेली पेस्ट्री) आणि एक चहा सात-आठ पौंडांना पडला. तेवढ्यात बाबा अख्ख्या टीमला आलूबोंडे खाऊ घालतील आणि वर पान.

आणि त्या सज्जनांचं ऐक. जुलै 2022 मध्ये इथंच एजबॅस्टनच्या कसोटीत आपल्या लोकांना वंशावरून शिव्या दिल्या. तक्रार करायला गेलेल्यांनाच खाली बसवलं, असं प्रेक्षकांनी उघड सांगितलं. बोभाटा झाला तेव्हा एकाला अटक झाली आणि त्याच आठवड्यातल्या ट्वेन्टी-20 ला गर्दीत साध्या वेशातली माणसं पेरली. बोंब मारल्याशिवाय इथंही कोणी हलत नाही, एवढं काकूंना सांग. त्यांना वाटतं, इकडं सगळं आपोआप होतं.

पण फुटबॉलवाल्यांचं एक मला पटलं. दंगा करणाऱ्याला कोर्ट मैदानबंदी लावतं, कमीत कमी 3 वर्षं. तुरुंगात गेला असेल तर 10 वर्षांपर्यंत. देशाचा संघ परदेशी खेळायला निघाला की त्यानं पासपोर्ट पोलिसांकडं जमा करायचा. काकांना म्हणावं, बबल्याचा पासपोर्ट घ्या. पासपोर्ट नसेल तर मोटरसायकलची चावी चालेल.

आपल्याकडं उलटं. बाबा, 13 मार्च 1996 चा विश्वचषकाचा उपांत्य सामना आठवतो? ईडन गार्डन्सवर भारत 8 बाद 120, लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडात जाळपोळ केली आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइडनं सामना श्रीलंकेला देऊन टाकला. रडत बाहेर आला तो आपला विनोद कांबळी. बाटल्या फेकणारे घरी जाऊन जेवले असतील. आणि आता बबल्याच्या खुर्चीपायी गावच्या कमिटीनं अख्खी टीम बाद केली म्हणे. त्या पोट्ट्यांनी काय केलं होतं? आणि काकू म्हणतात, अंपायरच विकलेला होता. त्या कॅरममध्येही हेच म्हणायच्या.

  

स्टेडियमात सगळे एका सुरात ओरडले ना, तेव्हा एकदम आपला बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट आठवला. जोडी सुटली की बाबा ती हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या नावानं ओरडायचे, आणि मी त्यांच्या खांद्यावर. 2014 ला कोर्टानं पट बंद केला तेव्हा आठवडाभर बाबा घरात कोणाशी नीट बोलले नव्हते. 18 मे 2023 च्या निकालानं तो कायमचा सुटला, तेव्हा आम्ही इकडं येऊन बसलेलो. नातवानं अजून एकही पट पाहिला नाही. या हिवाळ्यात सुट्टी मिळते का बघतोय. हे म्हणतात मिळेल. मी अजून तुम्हाला खात्री देत नाही.

कुकर झाला. बाबा, कमिटीत तुमचा शब्द चालतो. खुर्चीचे पैसे वर्गणीतून भरू नका, बबल्याकडूनच घ्या, आणि टीमला पुढच्या वर्षी खेळू द्या. मैदानाबाहेर राहील तो एकटा बबल्या. काकू रुसतील. रुसू द्या.

तुमची,
शालू