खिडकी उघडी की बंद?

गोंगाटाची तक्रार करायचा हक्क कोल्हापूरकराला नाही, असं आमच्या घरच्यांचं ठाम मत आहे. आमच्या गल्लीत शेजाऱ्याला हाक मारली, तर तिकटीवरचा रिक्षावाला थांबतो. त्यामुळे 'ऑफिसात फार आवाज असतो हो' असं मी फोनवर म्हटलं की पलीकडून आधी हसण्याचा आवाज येतो.

पण तक्रार खरी आहे. मी पोलंडमधल्या क्राकोव शहरात नोकरी करतो. पश्चिम युरोपातल्या कंपन्यांचे हिशेब, बिलं आणि कॉम्प्युटरची दुखणी सांभाळणारी ऑफिसं या शहरात ढिगानं आहेत. त्यांतल्याच एका लांबलचक हॉलमध्ये माझं टेबल आहे. निघताना ज्यानं त्यानं बजावलं होतं, 'युरोप आहे, हळू बोल.' मी विमानातच आवाज उतरवला.

सुरुवातीला तसं चाललंही. ट्राममध्ये माणसं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, मग बोलणं दूरच. आमच्या इमारतीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. सव्वादहाला माझ्या कुकरची शिट्टी झाली, की वरच्या मजल्यावरचे आजोबा रेडिएटरच्या नळावर ठणठण करतात. तो नळ सगळ्या मजल्यांतून जातो. त्यामुळे माझी डाळ शिजल्याची वर्दी पार तळमजल्यापर्यंत पोचते.

हीच मुकी माणसं ऑफिसच्या दारातून आत आली, की त्यांना कंठ फुटतो. सकाळी पुरुष मंडळी टेबलाटेबलाला जाऊन प्रत्येकाशी हात मिळवतात. हा हात उंबरठ्यावर मात्र मिळवायचा नाही, अपशकुन होतो. म्हणून दारात भेटलेल्याला आधी मोठ्यानं आत बोलावलं जातं आणि मग हात. 'कसं काय?' असं तोंडदेखलं विचारायची इथे सोय नाही. विचारलंत, तर समोरचा खरं उत्तर देतो: गुडघा, घराचा हप्ता, सासूबाई आणि सरकार, याच क्रमानं. ऐकणाराही सांत्वन करत बसत नाही. त्याचा गुडघा जास्त दुखत असतो.

दहाच्या सुमारास खिडकीचं युद्ध सुरू होतं. एका पक्षाला ताजी हवा हवी असते. दुसऱ्या पक्षाच्या मते दोन खिडक्यांमधून आरपार वाहणाऱ्या वाऱ्यानं मान आखडते, कान दुखतात आणि सर्दी होते ती वेगळीच. आमची आजी उन्हाळ्यातही कानाला पदर गुंडाळून एसटीत बसायची. तिला या पक्षानं बिनविरोध अध्यक्ष केलं असतं. खिडकी दिवसभरात कितीदा उघडते आणि मिटते, पण वाद मिटत नाही.

यात भर केकची. पोलंडमध्ये वाढदिवसाइतकाच 'नावाचा दिवस'ही साजरा करतात. कॅलेंडरात रोजच्या तारखेखाली दोन-चार नावं छापलेली असतात. त्या नावाच्या माणसाचा तो दिवस. तरुण मंडळींना वाढदिवस प्यारा, जुन्यांना नावाचा दिवस. आमच्या हॉलमध्ये दोन्ही पिढ्या असल्यामुळे आम्हाला दोन्हींचा प्रसाद मिळतो. केक ज्याचा दिवस असेल त्यानंच आणायचा आणि बाकीच्यांनी 'स्तो लात' गायचं. उत्सवमूर्तीला शंभर वर्षं आयुष्य चिंतणारं हे गाणं हळू आवाजात गाताना मी कोणाला ऐकलेलं नाही. शंभरीजवळ पोचलेल्या माणसासाठी तेच दोनशे वर्षांचं करून गातात, म्हणजे थांबायचा प्रश्नच नाही. ईस्टरच्या उपवासाआधीच्या शेवटच्या गुरुवारी तर सगळा देश 'पोंच्की' नावाचे तळलेले, आत गुलाबाचा मुरंबा भरलेले गोळे खातो. त्या दिवशी बेकऱ्यांसमोर पहाटेपासून रांगा लागतात आणि ऑफिसात कोणी किती खाल्ले याचा हिशेब आमच्या खऱ्या हिशेबापेक्षा काटेकोर होतो.

शहराचा थाटही असाच. इथल्या सेंट मेरी चर्चच्या बुरुजावरून अग्निशमन दलाचा तुतारीवाला दिवसरात्र, दर तासाला, चारही दिशांना एक धून वाजवतो. दुपारी बाराची धून पोलिश रेडिओवरून देशभर ऐकवतात. ही धून मध्येच तुटते. 1241 साली तातारांची स्वारी आल्याचा इशारा देताना तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, अशी दंतकथा आहे. क्राकोवमध्ये अर्धवट सोडलेलं एवढं एकच वाक्य माझ्या कानावर आलंय. आमच्या हॉलमध्ये बाण लागला तरी माणूस मुद्दा पूर्ण करेल.

शेवटी एकदा बाबांकडे मन मोकळं केलं. ते म्हणाले, "आरं, दुसऱ्या महायुद्धात पाच हजार पोलंडची माणसं आपल्या वळिवड्याला येऊन राहिली. 1943 पासनं 48 पर्यंत. बायकापोरंच जास्त. कोल्हापूरनं कधी कान झाकलं न्हाईत. तुला एक हॉल सोसंना व्हय?" यावर काय बोलणार? वॉर्सात वळिवड्याच्या छावणीचं स्मारक आहे, कोल्हापूरच्या नावानं. माझ्या हातून निदान त्याला बट्टा लागू नये.

कंपनीनं दिलेले हेडफोन लावून पाहिले. पण हेडफोनवाला दिसला, की माणसं खांद्यावर थाप मारून बोलतात. म्हणजे कान वाचतो, खांदा जातो. शांततेसाठी काचेची एक खोलीही आहे. तिथे जाऊन लोक आईला फोन करतात.

मग वाटलं, भाषा शिकलो की त्रास कमी होईल. झालं उलटंच. भाषा येत नव्हती तोवर तो नुसता कलकलाट होता, एक्सेल बिनचूक भरली जायची. आता सगळं समजतं. पलीकडच्या बाईंच्या नणंदेनं वाटणीचा कागद सही न करता परत पाठवला, हे कळल्यावर माझं चित्त बिलांवर कसं राहणार?

त्यातच माझं नाव त्यांच्या कॅलेंडरात नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. मग मला कोणती तारीख द्यायची, यावर हॉलभर खडाजंगी झाली. एक गट जानेवारी मागत होता, दुसरा मे. खिडकीचे दोन्ही पक्ष फुटले आणि नव्यानं जुळले. माझं मत कोणी विचारलं नाही. भर मे महिन्यातली तारीख ठरली आणि रिवाजाप्रमाणे खाऊ आणायची पाळी माझ्यावर आली. मी कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला घालून चिवडा केला. त्या दिवशी हॉलमध्ये पहिल्यांदा शांतता पसरली. ती पाण्याच्या बाटल्या भरून येईपर्यंत टिकली. मग रेसिपीवरून भांडण सुरू झालं.

माझा निष्कर्ष सरळ आहे. पोलिश माणूस परक्याशी शांत असतो आणि आपल्या माणसाशी भांडतो. ट्राममधली शांतता कोणालाही फुकट मिळते, हॉलमधला आरडाओरडा कमवावा लागतो. तेव्हा कामासाठी क्राकोवला येणार असाल, तर हेडफोनवर पैसे घालवू नका. चिवड्याचे दोन डबे आणा, एक तिखट आणि एक बेताचा. आणि खिडकी उघडी हवी की बंद, हे निघण्यापूर्वीच ठरवून या. तटस्थ माणसाला इथे कोणी बोलू देत नाही.